पाठांचे ध्वनिमुद्रण आणि मायक्रोफोनची निवड

वऱ्हाडातील अनेक घरांत ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो आणि ‘केळी’ ही ‘केयी’ होते. यात मुलाचा दोष नाही. ती त्याची घरची बोली आहे. परंतु पहिलीच्या वर्गात ‘ळ’ची ओळख करून देताना तो ध्वनी मुलाच्या कानी स्वच्छ पडणे अवश्य असते. ध्वनिमुद्रित पाठात ‘गाळ’ व ‘गाल’ किंवा ‘शाल’ व ‘साल’ एकसारखेच ऐकू आले, तर त्या पाठाने मुलाचा गोंधळच वाढतो. म्हणून घरी पाठ मुद्रित करणाऱ्या शिक्षकाने मायक्रोफोन पारखून घ्यावा.

स्नेहसंमेलनात हाती धरून बोलण्याचा मायक्रोफोन बहुधा डायनॅमिक प्रकारचा असतो. त्याच्या पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असल्याने तो पडदा जड होतो. कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये अतिशय पातळ पडदा व त्यामागे धातूची स्थिर तबकडी असते. आवाजाने पडदा हलला की दोहोंमधील अंतर बदलते व त्यातून विद्युत्संकेत निर्माण होतो. पडदा हलका असल्यामुळे ‘श’ आणि ‘स’ यांतील सूक्ष्म भेदही नीट टिपला जातो. १९६२ साली गेरहार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनी विद्युत्भार कायम धरून ठेवणारे पटल वापरून इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. त्यामुळे हा प्रकार स्वस्त झाला.

बाजारात याचे तीन प्रकार आढळतात. कॉलरला लावण्याचा लहान मायक्रोफोन काही शे रुपयांत मिळतो व मोबाइलवर चालतो. मात्र त्याची पिन आपल्या मोबाइलला बसते की नाही, हे आधी पाहावे. मेळघाटात आजीकडून कोरकू गोष्टी मुद्रित करण्यास तो सोयीचा आहे. यूएसबी मायक्रोफोन थेट संगणकाला जोडता येतो. तिसऱ्या प्रकारास ४८ व्होल्टचा वीजपुरवठा व तो देणारे स्वतंत्र यंत्र लागते. त्या यंत्राची किंमत हिशेबात धरल्यावाचून खरेदी करू नये.

तथापि, जो मायक्रोफोन बारीक आवाज टिपतो, तो पंख्याची घरघरही टिपतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणे दुपारी अशक्य असते. म्हणून मुद्रण पहाटे करावे. खोलीत टाळी वाजवून पाहावी. आवाज घुमला तर वक्त्याच्या मागे व दोन्ही बाजूंस कापसाच्या गाद्या किंवा गोधड्या टांगाव्यात. वऱ्हाडात कापसाची उणीव नाही, आणि महागड्या मायक्रोफोनपेक्षा हा उपाय अधिक गुणकारी ठरतो. टेबलावरील मायक्रोफोन तोंडापासून सुमारे एक वीत दूर व किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ उच्चारताना श्वासाचा फटका बसत नाही. ज्या घरात गोंगाट टळतच नाही, तेथे तोंडाजवळ धरलेला डायनॅमिक मायक्रोफोनच बरा.

खरेदीपूर्वी, शक्य असल्यास सहकाऱ्याचा मायक्रोफोन मागून, एक परीक्षा अवश्य घ्यावी. ‘मन, मण, गाल, गाळ, साल, शाल’ हे शब्द उलटसुलट क्रमाने मुद्रित करावेत आणि दुसऱ्या शिक्षकाला ऐकवून लिहावयास सांगावे. सर्व शब्द बरोबर लिहिले गेले, तर तो मायक्रोफोन स्वस्त असला तरी शाळेच्या कामास पुरेसा आहे. एकही शब्द चुकला, तर प्रथम खोली सुधारावी आणि मगच अधिक पैसे खर्चावेत.