चातुर्मासाचा एक वार विद्यार्थ्यासाठी

आषाढ शुद्ध एकादशी ही वारकऱ्यांची महापर्वणी. या तिथीस श्रीहरी योगनिद्रेत जातात अशी आपली श्रद्धा. म्हणून ती देवशयनी. येथून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास चालतो. दोन दिवस आधीच्या कांदेनवमीस कांदा-लसणीचे यथेच्छ पदार्थ करून त्यांना चार महिन्यांचा निरोप दिला जातो आणि घरोघरी नेमधर्म ठरू लागतात. कोणी एकभुक्त राहतो, कोणी मौनाने जेवतो, कोणी आवडीचा एखादा पदार्थ देवाला वाहतो. आपल्या व्रतांत अन्नाला केवढे स्थान आहे, हे चातुर्मासाइतके दुसरे कोणतेही पर्व सांगत नाही.

परंतु याच सुमारास महाराष्ट्रात दुसरेही एक प्रस्थान घडत असते. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली मुलेमुली गाव सोडून विद्यानगरीची वाट धरतात. पंढरीच्या वाटेने दिंड्या येत असतात आणि त्याच वाटेवरून उलट दिशेला, पुण्याकडे, आमची लेकरे जात असतात. कीर्तन आटोपून आरती झाली, बुक्का लावून झाला, की एखादी माउली हळूच पुढे येऊन विचारते, ‘बुवा, तुमचे पुण्यास नेहमी जाणे असते. माळ घातलेले पोर आहे. तेथे त्याला चांगले शाकाहारी जेवण कोठे मिळेल हो?’ हा प्रश्न आम्हांस इतक्या वेळा विचारला गेला आहे, की या पर्वकाळी त्याचे सविस्तर निरूपण करणे हेही सेवाच ठरेल, असे वाटते.

पुण्यास शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, हे प्रथम सांगून टाकतो. १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय निघाले, १९१६ साली पुढे सर परशुरामभाऊ यांचे नाव लाभलेले महाविद्यालय उभे राहिले, १९४९ साली विद्यापीठ झाले. आणि जसजसे विद्यार्थी वाढले तसतशा पेठापेठांतून खाणावळी वाढल्या. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत आजही माहेवारी पैसे भरून दोन वेळा जेवता येते. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर, ताक असा तेथील साधा बेत. टिळक रस्त्यावरील ‘बादशाही’, लक्ष्मी रस्त्यावरील ‘पूना गेस्ट हाउस’ ही नावे कित्येक पिढ्यांच्या जिभेवर आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर ‘वैशाली’, ‘रूपाली’ या उपाहारगृहांत इडली-डोसा मिळतो. उडुपी पद्धतीच्या या उपाहारगृहांचे मूळ नाव ज्या गावावरून आले, ते श्रीमध्वाचार्यांनी प्रतिष्ठापिलेल्या श्रीकृष्णाचे क्षेत्र आहे आणि तेथील पाकशास्त्राची ख्याती देवाच्या नैवेद्याशी जोडलेली आहे, हे भाविकांनी ध्यानी ठेवावे. याशिवाय अनेक गृहिणी आपल्या स्वयंपाकघरातून डबे देतात. जेथे घरची माणसे जेवतात त्याच पातेल्यातला डबा मिळाला, तर त्याहून चांगले काय?

परंतु ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी पाहून आत शिरणे एवढ्याने प्रश्न सुटत नाही. पाटी रंगाऱ्याने रंगविलेली असते. अन्न स्वयंपाक्याने शिजविलेले असते. मग पारख कशी करावी?

अन्नाची तीन दूषणे

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात सनत्कुमार नारदांस उपदेश करतात, की आहार शुद्ध झाला म्हणजे अंतःकरण शुद्ध होते आणि त्यातून स्मृती स्थिर होते. विद्यार्थ्याला स्थिर स्मृतीहून अधिक काय हवे असते? या ठिकाणी श्रीशंकराचार्यांनी आहार शब्दाचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेले विषय असा व्यापक केला आहे. श्रीरामानुजाचार्यांच्या श्रीभाष्यात मात्र अन्नाचाच विचार असून, जाती, आश्रय आणि निमित्त या तीन कारणांनी ते दूषित होते, असे विवेचन आहे. हे तीन शब्द घरून निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने शिदोरीसारखे बरोबर न्यावेत.

पहिले दूषण जातीचे. येथे जाती म्हणजे पदार्थाची जात, माणसाची नव्हे. जो पदार्थ मुळातच आपल्याला वर्ज्य आहे तो ओळखता आला पाहिजे, आणि आजच्या काळात तो वेष पालटून येतो. केकमध्ये बहुधा अंडे असते. मेयोनीज नावाचे जे पांढरे लेपन पावास लावतात त्यातही मूळ कृतीप्रमाणे अंडेच असते. काही ठिकाणी नानच्या पिठात अंडे घालतात. जेली आणि काही मऊ गोळ्यांतील जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून निघते. चिनी पद्धतीच्या पदार्थांत माशाचे वा कालवाचे सॉस पडू शकते आणि सूपचे पाणी हाडे उकळून केलेले असू शकते. वेष्टनातील खाद्यपदार्थांवर चौकोनातील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण असते आणि तपकिरी त्रिकोण मांसाहाराची. आपल्या कायद्याने अंडे मांसाहारात मोडते. खानपानगृहात मात्र विचारावेच लागते. विचारण्यात संकोच कसला? नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने कोणाचाही अपमान होत नाही.

दुसरे दूषण आश्रयाचे, म्हणजे अन्न ज्याच्या हातून येते त्याचे. या शब्दाचा आधार घेऊन आपल्या समाजाने माणसामाणसांत फार भिंती उभ्या केल्या, हे स्पष्ट बोलले पाहिजे. संतांनी त्या मानल्या नाहीत. श्राद्धासाठी शिजलेले अन्न पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी भुकेल्या अंत्यजांस वाढले, ही कथा आम्ही कीर्तनकार पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. ती सांगावयाची आणि खाणावळीत वाढणाऱ्याचे कुळ विचारावयाचे, हे दोन्ही एकाच तोंडाला शोभत नाही. आश्रय पाहावयाचा तो असा: अन्न देणारा सचोटीचा आहे काय? कालची भाजी आजच्या रश्शात लपवीत नाही ना? पोरांना चौथी पोळी वाढताना त्याच्या कपाळास आठी पडत नाही ना? हा आश्रय शुद्ध असला, की अन्न शुद्ध.

तिसरे दूषण निमित्ताचे: केस, किडे, धूळ, उष्टे, शिळेपण. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी प्रहर उलटून गेलेल्या, रस गेलेल्या अन्नाची गणना तामस आहारात केली आहे. म्हणून खाणावळ नेमण्यापूर्वी एक दिवस जेवण सुरू होताच आणि दुसऱ्या दिवशी अगदी शेवटी जाऊन पाहावे. वाढपी हात धुतो काय, पिण्याचे पाणी झाकलेले आहे काय, तळणीचे तेल काळे पडले आहे काय, हे डोळ्यांना दिसते. सरकारी अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागी लावलेला असावा लागतो, तोही पाहावा. जेथे शाकाहार आणि मांसाहार दोन्ही शिजतात, तेथे एकच कढई, एकच झारा आणि एकच तेल वापरले जाते काय, हे विचारून घ्यावे. जेथे गर्दी अधिक आणि पातेली लवकर रिकामी होतात, तेथे अन्न ताजे असण्याचा संभव अधिक, हा आमच्या प्रवासातील अनुभव आहे.

शाकाहार म्हणजे केवळ मांसाचा अभाव नव्हे, हेही मुलांच्या मनावर ठसवावे. वडापाव खाऊन दिवस काढणारा विद्यार्थी शाकाहारी असतो, पण त्याचा आहार चांगला असतो असे कोण म्हणेल? भात किंवा पोळीबरोबर डाळ आली, की धान्यात जे प्रथिन उणे असते ते डाळ भरून काढते आणि डाळीत उणे असते ते धान्य. आपल्या पूर्वजांनी वरणभाताची सांगड उगीच घातलेली नाही. ‘ब-१२’ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात मिळत नाही. शाकाहाऱ्याला ते दूध, दही, ताक यांतून मिळते. म्हणून खाणावळीतील ताकाची वाटी परत पाठवू नये. एकादशीसही तुपात न्हालेली साबूदाण्याची खिचडी दोन्ही वेळा खाण्यापेक्षा वरी, राजगिरा, दूध आणि फळे बरी. परीक्षेच्या दिवशी उपवास झेपत नसेल तर मनातल्या मनात पांडुरंगाची क्षमा मागून वरणभात खावा. तो माउली आहे. लेकराला उपाशी बसवून प्रसन्न होणारा नव्हे.

आणि शेजारच्या ताटाचा तिटकारा नको. वसतिगृहात निरनिराळ्या घरांची मुले एकत्र जेवतात. आपले व्रत आपण पाळावे; मित्राच्या ताटाकडे पाहून नाक मुरडणे हे व्रत नव्हे. तोंडावाटे अन्न शुद्ध गेले आणि डोळ्यांवाटे द्वेष आत गेला, तर आचार्यांनी सांगितलेल्या व्यापक अर्थाने आहार अशुद्धच झाला.

जे खाणावळीत मिळत नाही

इतके सारे जुळले, तरी एक गोष्ट उरते. पुण्यातील बहुतेक खाणावळी रविवारी दुपारी गोडधोड करतात आणि रविवारी रात्री बंद असतात. सणांच्या दिवसांतही चुली विझतात. ज्यांना गावी जाणे परवडते ती मुले जातात. उरलेली बिस्किटांवर रात्र काढतात. ताप आलेल्या मुलाला मऊ भात कोणत्याही पाटीखाली मिळत नाही.

यावर आपल्या समाजापाशी एक जुना उपाय होता. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी. कोणी माधुकरी मागे. भुंग्याने फुलाफुलांतून थोडा थोडा मध घ्यावा तशी. मुंजीत आपण आजही भिक्षावळ घालतो, ती याच धर्माची खूण आहे. या प्रथेत उणीवही होती. तिची दारे बहुधा आपल्याच जातीच्या मुलापुरती उघडत आणि बाकीची मुले बाहेर राहत. ती उणीव भरून काढणारे महापुरुष याच महाराष्ट्रात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीस बसविले. त्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह आणि १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या प्रयत्नाने विद्यार्थी सहायक समिती निघाली.

संस्था आपले काम करीतच आहेत. परंतु घराचे काम घरानेच करावयाचे असते. श्रीज्ञानेश्वर महाराज आणि श्रीतुकाराम महाराज यांच्या पालख्या पुण्यात मुक्कामास येतात, तेव्हा पुणेकर वारकऱ्यांस आग्रहाने जेवू घालतात. कोण, कोठला, असे कोणी विचारीत नाही. मग त्याच वारकऱ्याचा नातू वर्षभर आपल्या गल्लीत खोली करून राहतो, त्याला रविवारची रात्र उपाशी का जावी?

म्हणून विद्यानगरीत राहणाऱ्या भाविक कुटुंबांस आमची करबद्ध विनंती आहे. या चातुर्मासात एक नेम वाढवावा. आठवड्याचा एक वार, आणि शक्यतो रविवारची रात्र, एका परगावच्या विद्यार्थ्यासाठी किंवा विद्यार्थिनीसाठी राखून ठेवावी. जात विचारू नये, गुण विचारू नयेत, उपकार बोलून दाखवू नयेत. पक्वान्न नको, आपल्या घरी जे शिजेल तेच, एक पान अधिक. पुणेच कशाला? सांगली, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, जेथे जेथे विद्यालये आहेत तेथे तेथे हा नेम चालेल. आणि ज्यांची लेकरे बाहेरगावी गेली आहेत त्या मातांनीही आपल्या गावातील एखाद्या परक्या लेकराला पानावर बोलवावे. आपण येथे वाढलेला घास आपल्या लेकराला तेथे पोहोचतो, असा भाव धरावा.

चार महिन्यांनी प्रबोधिनी एकादशीस देव जागे होतील. त्या दिवशी नैवेद्याचे ताट वाढताना, या चातुर्मासात आपल्या चुलीवर शिजलेल्या अन्नाने एका तरी परक्या लेकराची भूक भागली, एवढे आपणांस म्हणता यावे, हीच श्रीविठ्ठल-रखुमाईच्या चरणी प्रार्थना. पांडुरंग सर्वांस अन्न देवो आणि अन्न देण्याची बुद्धी देवो.