ढगळ पँटीतला दबदबा

१९९१ साली मॅटेल कंपनीने बार्बीच्या मित्रमंडळींत एका नव्या बाहुल्याची भर घातली. डोळ्यांवर चष्मा, सोबत गाणी वाजवायचा इवलासा डबा आणि कमरेखाली पटियाला सलवारीला लाजवेल अशी ढगळ, चुण्याचुण्यांची, घोट्याशी आवळलेली पँट. त्याच वर्षी एबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी मुलांसाठी एक कार्टून मालिका लागू लागली. तिचा नायक तरुण मुलांच्या केंद्रात काम करणारा सज्जन माणूस. जादूचे, बोलणारे बूट पायात चढवले की तो महानायक होऊन नाचत संकटे निवारी. बाहुला आणि कार्टून दोन्ही एकाच गायकाचे : एम. सी. हॅमर, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा स्टॅनली कर्क बरेल. पेप्सीच्या आणि तळलेल्या कोंबडीच्या जाहिरातींतला, आयाबायांनी निर्धास्तपणे पोरांच्या हाती द्यावा असा रॅपर. पण त्या काळातले रॅपर आज मुलाखतींतून जुन्या आठवणी काढतात, तेव्हा या माणसाचे नाव निघाले की थट्टेचा सूर हळूच बदलतो. ‘त्याच्या वाटेला जाऊ नये’ अशा माणसांत ते त्याला सर्रास धरतात.

याला विसंगती म्हणून हसून सोडून देण्याची रीत आहे. माझ्या मते ती विसंगती नाहीच. हॅमरचे स्वच्छ गाणे आणि त्याचा रस्त्यावरचा वचक एकाच मुळातून फुटले. ते मूळ आवाजात किंवा शब्दांत सापडत नाही, ते सापडते त्याच्या पगारपत्रकात.

आधी थट्टा समजून घेऊ. फेब्रुवारी १९९० मध्ये आलेला त्याचा ‘प्लीज हॅमर, डोन्ट हर्ट देम’ हा अल्बम बिलबोर्डच्या यादीत एकूण २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. अमेरिकेत एक कोटीचा टप्पा गाठून ‘डायमंड’ ठरलेला हिप-हॉपमधला तो पहिला अल्बम. त्यातल्या ‘यू कान्ट टच धिस’ची चाल रिक जेम्सच्या ‘सुपर फ्रीक’वरून जशीच्या तशी उचललेली होती. जेम्स कोर्टात गेला, गीतकारांत त्याचे नाव घालावे लागले आणि त्या नावासकट गाण्याला ग्रॅमीही मिळाले. न्यूयॉर्कच्या रॅपरांना हे सारेच खुपत होते. त्यांच्या लेखी रॅप म्हणजे शब्दांची कुस्ती. हॅमर शब्दांत कच्चा आणि पायांत पक्का, वर मंचावर पंधरा-वीस नाचणाऱ्यांचा ताफा. एल. एल. कूल जे याने १९९० मध्ये एका गाण्यातून त्याच्यावर तोंडसुख घेतले. आईस क्यूबने व्हिडिओतून टर उडवली. हॅमरची टिंगल करणे ही खऱ्या रॅपरपणाची दीक्षाच झाली होती म्हणा ना.

ही दीक्षा थर्ड बेस या न्यूयॉर्कच्या गटाने जरा लवकरच घेतली. १९८९च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये हॅमरला नावानिशी टोमणा होता. आणखी एका ओळीत त्याच्याच एका गाण्याच्या शीर्षकावर कोटी करताना आईचा उल्लेख आला. गटातल्या एम. सी. सर्चने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलेली हकीकत अशी : आपण लॉस एंजेलिसला निघालो तेव्हा कळले, की हॅमरच्या गोटातून आपल्या नावाची ५० हजार डॉलरची सुपारी टोळीवाल्यांना दिली गेली आहे, मग मध्यस्थ धावले आणि प्रकरण मिटले. या बाबतीत हॅमरवर कधी गुन्हा दाखल झालेला नाही, कोर्टात काही सिद्ध झालेले नाही. हकीकत एका बाजूची आहे आणि तिला तेवढेच वजन द्यायला हवे.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. रॅपर हा पेशानेच गोष्टी वाढवून सांगणारा माणूस. तीस वर्षांनी मुलाखतीच्या खुर्चीत बसल्यावर ‘माझ्या जिवावर बेतले होते’ हे वाक्य ‘आमचा अल्बम बरा खपला होता’ यापेक्षा केव्हाही भाव खाऊन जाते. मग अशा गप्पांवर लेख कशाला? माझे उत्तर असे, की सुपारी खरी होती का, हा पोलिसांचा प्रश्न झाला. दबदब्याचा शोध घेणाऱ्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे : ती बातमी ऐकणाऱ्यांना खरी का वाटली? मुलांच्या कार्टूनमधल्या नायकाने सुपारी दिली म्हटल्यावर लोकांनी हसायला हवे होते. सर्चच्याच सांगण्यानुसार, ते हसले नाहीत, धावपळ करू लागले. शिवाय या गोष्टीत सांगणारा स्वतः भेदरलेला दिसतो. ज्या धंद्यात कधी घाबरलो नाही हेच उठताबसता सांगायचे असते, तिथे स्वतःला कमीपणा आणणारी अशी साक्ष सहसा कोणी हौसेने देत नाही.

दुसरा पुरावा कागदावर आहे आणि त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. १९९० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या रॅपरांनी टोळीयुद्धे थांबवा असे सांगणारे ‘वुई आर ऑल इन द सेम गँग’ हे गाणे एकत्र येऊन केले. त्यामागे मायकेल कन्सेप्शन हा लॉस एंजेलिसच्या क्रिप्स टोळीतला जुना माणूस होता. गोळी लागून त्याचे चालणे कायमचे थांबलेले. आवाज कोणाकोणाचे? आईस-टी, डॉ. ड्रे, ईझी-ई, म्हणजे अमेरिकेतले पालक ज्यांच्या कॅसेटी पोरांच्या कपाटातून शोधून फेकत होते ते सगळे. आणि त्यांच्या रांगेत हॅमर. न्यूयॉर्कला तो विदूषक वाटत होता त्याच वर्षी टोळ्यांशी बोलायला निघालेल्या माणसांना तो आपल्यातला वाटला.

कारण त्यांना ओकलंड ठाऊक होते. हॅमरचा जन्म १९६२चा, पूर्व ओकलंडमधला. सरकारी वसाहतीतले लहानसे घर, पुष्कळ भावंडे, वडील पत्त्यांच्या क्लबातले. तो चार वर्षांचा असताना, १९६६ मध्ये, याच शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवणारा आणि १९६९ पासून चर्चमध्ये पोरांना सकाळची फुकट न्याहारी वाढणारा. पुढच्या दशकात पूर्व ओकलंडवर फेलिक्स मिचेल या हेरॉइनच्या व्यापाऱ्याचे राज्य आले. ऑगस्ट १९८६ मध्ये तो लेव्हनवर्थच्या तुरुंगात भोसकला गेला, तेव्हा ओकलंडमध्ये घोडागाडीतून त्याची अंत्ययात्रा निघाली. मागे रोल्स-रॉइसची रांग, दुतर्फा हजारो माणसे. त्या गर्दीतल्या सगळ्यांनाच तो आवडत होता असे नव्हे. पण वस्तीत मोठा माणूस कशावरून ओळखायचा, याची खूणगाठ तिथे पक्की होती : किती घरांत त्याच्यामुळे चूल पेटते. न्याहारी वाढणारे पँथर आणि विष विकणारा मिचेल यांच्यात जमीनअस्मानाचे अंतर, पण वस्तीचे मोजमाप दोघांनाही हेच.

हॅमरने हे मोजमाप फार लवकर उचलले. सत्तरच्या दशकात ओकलंड ए’ज या बेसबॉल संघाच्या मैदानाबाहेर, गाड्यांच्या तळावर, तो अकरा-बारा वर्षांचा पोरगा जेम्स ब्राऊनची नक्कल करत नाचायचा. संघाचा मालक चार्ली फिन्ली याने त्याला हेरले. फिन्ली शिकागोत असायचा. सामना चालू असताना हा पोरगा फोन कानाला लावून त्याला एकेक चेंडूची खबर द्यायचा. खेळाडूंनी त्याचे नाव ‘पाइपलाइन’ पाडले, आणि ‘हॅमर’ म्हणवल्या जाणाऱ्या हँक ॲरन या बेसबॉलपटूशी चेहरा जुळतो म्हणून ‘हॅमर’ हेही तिथलेच. मालकाचा कान हाती असलेल्या पोराशी मोठमोठे खेळाडू जपून वागतात, हे ज्याने त्या वयात पाहिले त्याला माणसे जोडण्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. मधली तीन वर्षे नौदलात गेली. परतल्यावर त्याने याच संघातल्या माइक डेव्हिस आणि ड्वेन मर्फी या खेळाडूंकडून प्रत्येकी २० हजार डॉलर घेऊन स्वतःची कंपनी उभी केली आणि गाडीच्या डिकीतून रेकॉर्डी विकल्या. मोठ्या कंपनीने त्याला उचलले तेव्हा तो आधीच गल्लीतला धंदेवाला झालेला होता.

आता मुद्द्याचे. अशा माणसाला गाण्यात बंदूक काढायची गरज काय? तालमीत घुमलेला पैलवान बाजारात बाह्या वर करून फिरत नाही; फिरतो तो तालमीच्या दारातूनच परत आलेला. याचा पडताळा बघायला लांब जायला नको. १९९० मध्ये हॅमरच्याच दौऱ्यात, त्याच्या आधी मंचावर येणारा गायक होता व्हॅनिला आईस. (याच्या गाजलेल्या गाण्याची चाल उचलून आपल्याकडे १९९२ मध्ये बाबा सेहगलने ‘ठंडा ठंडा पानी’ केले. आपली रॅपशी पहिली ओळख झाली ती अशी, नकलेच्या नकलेतून.) व्हॅनिला आईसच्या अधिकृत चरित्रात मायामीच्या रस्त्यांवरच्या खडतर तारुण्याची वर्णने होती. डॅलसच्या वर्तमानपत्राने त्याच वर्षी उघड केले की पोरगा बराचसा डॅलसच्या सुखवस्तू उपनगरात वाढलेला. एकाच मंचावर आगेमागे उभे राहणारे दोघे. ज्याच्याकडे रस्ता नव्हता तो रस्त्याच्या गोष्टी सांगत होता आणि ज्याच्याकडे होता तो प्रार्थनेचे गाणे म्हणत होता.

यावर कोणी म्हणेल, प्रार्थनेचे गाणे श्रद्धेपोटी आले, वचकाशी त्याचा संबंध काय? खरेच, हॅमर चर्चमधला. त्याच्या पहिल्या गटाचे नावच ‘होली घोस्ट बॉइज’, आणि पुढे तो धर्मोपदेशकही झाला. श्रद्धा मी नाकारत नाही. पेप्सीच्या पैशाचा मोहही नाकारत नाही. पण श्रद्धाळू आणि व्यापारी वृत्तीचे रॅपर आणखीही होते, आणि ‘मऊ’ हा शिक्का पुसण्यासाठी त्यांच्यातले कितीतरी दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमला आवाज चढवून मोकळे झाले. कीर्तीच्या शिखरावर असताना हॅमरला तशी घाई झाली नाही. श्रद्धेने त्याला काय गायचे ते दिले असेल. टिंगल गिळून तेच गात राहण्याची ऐपत वस्तीने दिली.

आणि वस्तीने ती फुकट दिली नाही. भरभराटीच्या काळात हॅमरच्या पदरी सुमारे दोनशे माणसे होती, असे आकडे तेव्हापासून छापून येत आहेत. नाचणारे, वादक, अंगरक्षक, व्यवस्थापक भाऊ, शिवाय लहानपणचे सोबती आणि गल्लीतली पोरे. काही जण तुरुंगातून सुटून आलेले, ज्यांना दुसरे कोणी दारात उभे केले नसते. आपला पैसा आपल्या माणसांना कामाला लावण्यात गेला, हे हॅमरने स्वतः वारंवार सांगितले आहे. आर्थिक सल्ल्याचे स्तंभ लिहिणाऱ्यांना यात निव्वळ उधळपट्टी दिसते, आणि फ्रेमाँटच्या टेकडीवरचा महाल किंवा शर्यतीच्या घोड्यांचा तबेला पाहता त्यांचे सगळेच चुकते असेही नाही. (घोडे मात्र खरेच पळणारे होते. डान्स फ्लोअर १९९२च्या केंटकी डर्बीत तिसरा आला.) पण दोनशे पगार म्हणजे दोनशे घरे, आणि त्या घरांतली दणकट माणसे आपल्या अन्नदात्याच्या आईवरून कोणी बोलला तर काय करतील, हे त्याला सांगावेही लागत नाही. सर्चच्या हकीकतीतली सुपारी खरी असो वा खोटी, तिचा उगम ‘हॅमरच्या गोटात’ दाखवला जातो हे मला बोलके वाटते. वचक माणसाचा नसतो, गोताचा असतो. एप्रिल १९९६ मध्ये ओकलंडला त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कर्ज १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेले होते. त्याला रस्त्यावर अभय देणारा खर्च तो हाच, आणि त्याला बुडवण्यात याचाच वाटा मोठा.

सर्वांत अवघड आक्षेप १९९४चा. त्या वर्षी ‘द फंकी हेडहंटर’ या अल्बमातून हॅमरने अखेर पवित्रा बदलला. ढगळ पँट गेली, चेहऱ्यावर गुर्मी आली, जुन्या टीकाकारांचा नावे घेऊन समाचार घेतला गेला. ‘पम्प्स अँड अ बम्प’च्या व्हिडिओत तर तो पोहण्याच्या तोकड्या चड्डीत दिसला आणि बार्बीच्या मित्राला ओळखणाऱ्या पालकांनी कपाळाला हात लावला. वचक खरा होता तर हे सोंग कशाला? मला वाटते, तोवर डॉ. ड्रेच्या १९९२च्या अल्बमाने बाजारच फिरवला होता. दणकटपणा आता बारशाइतका उघड्यावर साजरा होत होता आणि दोनशे पगार तर थांबत नव्हते. म्हणून त्याने जे होते तेच विकायला काढले. अल्बम पाच लाखांचा टप्पा ओलांडून ‘गोल्ड’ झाला. एक कोटीनंतर पाच लाख म्हणजे पडझडच. लोकांना हे नाटक वाटले. गंमत अशी की पूर्वीचा सज्जनपणा त्यांनी विनातक्रार खरा मानला होता आणि कागदोपत्री ज्याला आधार होता तो रस्ताच त्यांना खोटा वाटला. गल्लीतला लौकिक गल्लीत चालतो. तो ताटात वाढून कॅन्ससच्या गिऱ्हाइकापुढे ठेवला की बेचव लागतो.

या सगळ्याला मी शौर्य म्हणत नाही. एका ओळीवरून कोणाला शहरात पाय ठेवायची भीती वाटावी, ही टोळीशाहीच, मग पाठीमागे उभा असलेला माणूस कार्टूनमधला का असेना. ओकलंडच्या ज्या मोजमापाने चूल पेटवणाऱ्याला मोठे केले त्यानेच मिचेलच्या गाडीमागे माणसे चालवली. पण हॅमर या हिशोबात मऊ होता, हे मात्र कोणत्याही पुराव्यावर टिकत नाही.

१९९५ मध्ये त्याने करार केला तो शुग नाइटच्या डेथ रो कंपनीशी, जिच्या कचेरीत जायला नामांकित रॅपर दबकत. तिथेच होता त्याचा मित्र, रॅपर तुपाक शकूर. तुपाकची आई न्यूयॉर्कच्या ब्लॅक पँथरांतली, हा ओकलंडचा. सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगसला तुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या, सहा दिवसांनी तो गेला आणि हॅमरही त्या कंपनीतून बाहेर पडला. तुपाकने त्याच्यासाठी एक गाणे लिहून ठेवले होते. ते हॅमरने १९९८ मध्ये ‘फॅमिली अफेअर’ या अल्बमात गायले. देशातल्या सर्वांत धोकादायक समजल्या जाणाऱ्या रॅपरने एम. सी. हॅमरला लिहून दिलेल्या त्या गाण्याचे शीर्षक आहे ‘अनकंडिशनल लव्ह’.