उन्हाला राखेचा आडोसा

घाटावर देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडे बीजोत्पादनाची शेडनेट आणि घाटाखाली संग्रामपूर, जळगाव जामोदकडे ठिबकच्या काळ्या नळ्या. बुलढाणा जिल्ह्यातली बरीच शेती आज प्लास्टिकच्या भरवशावर आहे, आणि हे प्लास्टिक बारा महिने उघड्या रानात असतं.

नळी उन्हाने तापते, पण ती मोडते मुख्यतः प्रकाशामुळे. सूर्यप्रकाशातले 290 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण पॉलिमरच्या साखळ्यांवर घाव घालतात. तिथे हवेतला ऑक्सिजन जुळतो आणि साखळ्या तुटत जातात. उष्णतेने हे सगळं आणखी वेगाने होतं. पृष्ठभाग पांढुरका पडतो, बारीक चिरा जातात आणि एक दिवस गुंडाळायला घेतलेली नळी ताडकन तुटते.

शेगावहून अकोल्याकडे निघालं की पारसचं औष्णिक वीज केंद्र लागतं. तिथे 250 मेगावॅटचे दोन संच आहेत. आपल्याकडच्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. ती वापरात यावी म्हणून केंद्र सरकारने 1999 मध्ये अधिसूचना काढली, राज्याने 2016 मध्ये धोरण केलं. सिमेंट, विटा आणि रस्ते या राखेचे नेहमीचे वाटेकरी. प्लास्टिकमध्ये ती घातली तर उन्हापासून आडोसा मिळेल का?

मिळतो, पण अटींवर. राखेचे कण बहुतेक गोल, सिलिका आणि अॅल्युमिनाचे. ते प्रकाश अडवतात, विखुरतात, त्यामुळे झीज वरच्या थरातच राहते. पण काळ्या पाईपमध्ये घालतात त्या कार्बन ब्लॅकशी राखेची बरोबरी होत नाही. भारतीय मानकानुसार तो साधारण अडीच टक्के असतो आणि त्याचा कण असतो वीसेक नॅनोमीटरचा. राखेचा कण वीस मायक्रॉनचा धरला तर हजारपट मोठा. म्हणजे तेवढ्याच वजनात राखेचं झाकणारं क्षेत्रफळ हजारपट कमी! शिवाय राखेत लोह असतं, आणि त्याची काही रूपं पॉलिथिलीनचं विघटन उलट वाढवतात. कण आणि प्लास्टिक यांची पकड सैल असेल तर त्या फटीतून पाणी शिरतं. म्हणून कणांवर आधी सिलेन या पकड घट्ट करणाऱ्या रसायनाचा लेप देतात.

त्यामुळे शेडनेटच्या बारीक धाग्यात राख घालणं मला चुकीचं वाटतं. जाड पत्रे, दारं, कुंपणाचे खांब ही तिची खरी जागा. भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे आजच्या ‘अॅम्प्री’ने, राखेसारखाच दुसरा टाकाऊ पदार्थ घेऊन, म्हणजे अॅल्युमिना कारखान्यातला लाल गाळ, ताग आणि पॉलिस्टर यांपासून, दारं बनवून दाखवली. या गाळात लोहाच्या ऑक्साइडचा भरणा असतो आणि तो अतिनील किरण शोषतो. पीव्हीसीत त्याचा आणखी एक उपयोग होतो: तापलेल्या पीव्हीसीतून सुटणारं आम्ल हा अल्कधर्मी गाळ जिरवतो.

माझा आक्षेप आहे तो केवळ माल स्वस्त करण्यासाठी घातलेल्या भरावावर. तसा पाईप हातात घेतला तर जड आणि भरीव वाटतो, पण त्याचा उन्हातला टिकाऊपणा वजनावरून कळत नाही. प्रयोगशाळेत झेनॉन दिव्याखाली तो तपासता येतो, आणि ती तपासणी हवीच. पण सोबत राखेच्या वेगवेगळ्या प्रमाणांचे तुकडे शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गच्चीवर दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे ठेवावेत. शेजारी बिनराखेचे आणि कार्बन ब्लॅकचे तुकडे असावेत. दर तीन महिन्यांनी प्रत्येक प्रकारातला एकेक तुकडा ताण दिल्यावर तुटण्याआधी किती लांबतो ते मोजावं, आणि ते आकडे पाईप घेणाऱ्या शेतकऱ्याला दुकानातच वाचायला मिळावेत.