तळ्यातील बेडूकमासे आणि त्यांचे संगोपन

मृगाच्या पहिल्या दमदार सरी कोसळल्या की वसतिगृहामागील तळ्याकाठी रात्रभर चालणारा बेडकांचा डरावडराव आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या कानांत आजही असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर काळ्या ठिपक्यांचा बुळबुळीत थर दिसतो. पुष्कळांना तो घाण वाटतो आणि झाडलोटीच्या उत्साहात तो काढून टाकला जातो. वस्तुतः ती बेडकांची अंडी होत.

यंदा आवाराच्या सुशोभनाचा विचार सुरू असताना या तळ्याला गुळगुळीत फरशी बसवावी व त्यात रंगीत मासे सोडावेत, अशी सूचना काही हितचिंतकांकडून आली आहे. तिच्यामागील आपुलकी मोलाचीच आहे. परंतु निर्णय घेण्यापूर्वी त्या पाण्यात दरवर्षी काय घडते आणि ते घडत राहण्यासाठी आपण काय करावे, हे सर्वांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

अंडी कोणाची?

आपल्याकडील बेडकांच्या अंडी घालण्याच्या रीती भिन्न आहेत. पावसाळ्याच्या आरंभी ज्याचा नर पिवळाधमक होतो आणि ज्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात, तो मोठा बेडूक म्हणजे इंडियन बुलफ्रॉग. पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात त्याची मादी हजारो अंडी घालते. खरखरीत अंगाच्या भेकाची अंडी लांबच लांब पारदर्शक दोऱ्यांत ओवलेली असतात व ते दोरे पाणवनस्पतींना गुंडाळलेले आढळतात. झाडबेडकाची तऱ्हा आणखी निराळी. पाण्यावर झुकलेल्या पानांवर किंवा काठच्या भिंतीवर तो फेसाचे घरटे करतो. काही दिवसांनी त्यातून बाहेर पडलेली पिल्ले खाली पाण्यात टपकतात. म्हणूनच तळ्याकाठच्या भिंतीवर पांढरा फेस दिसला तर तो धुऊन टाकू नये.

अंड्यापासून बेडकापर्यंत

आपल्या उष्ण हवामानात एक-दोन दिवसांत, फार तर काही दिवसांत अंडी फुटतात. बाहेर येणारा जीव म्हणजे बेडूकमासा. प्रारंभी तो पानाला किंवा दगडाला चिकटून स्वस्थ राहतो. या वेळी त्याला हात लावू नये व अन्नही देऊ नये. अंड्यातील बलकाचा उरलेला अंश हेच त्याचे अन्न असते. पुढे त्याला तोंड फुटते आणि बहुतेक जातींचे बेडूकमासे दगडांवरील शेवाळ खरवडून खाऊ लागतात. वनस्पतिजन्य अन्न पचविण्यासाठी त्यांचे आतडे घड्याळाच्या स्प्रिंगसारखे लांब व वेटोळे घातलेले असते. बुलफ्रॉगचे बेडूकमासे याला अपवाद आहेत. ते मांसाहारी असून इतर बेडूकमाशांना, प्रसंगी आपल्याच भावंडांनाही खातात. ते पाहून मुलांनी हळहळू नये. हजारो अंड्यांतून मूठभरच बेडूक व्हावेत, ही निसर्गाची रीतच आहे.

यथावकाश मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे पाय बाहेर येतात. शेपटी गळून पडते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात ती शरीरातच हळूहळू विरघळून जाते आणि तिच्यातील द्रव्य वाढीच्या कामी येते. या सर्व बदलांचे सूत्र गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या हाती असते. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचे खाद्य दिले, तेव्हा त्यांचे वेळेआधीच चिमुकल्या बेडकांत रूपांतर झाले. आपल्याकडील बहुतेक जातींत अंड्यापासून बेडकापर्यंतचा प्रवास साधारणतः एक ते दोन महिन्यांत पूर्ण होतो.

या प्रवासाचे शेवटचे दिवस सर्वांत नाजूक असतात. तोंडाची व आतड्याची नवी घडण होत असल्यामुळे पिल्लू काही खात नाही. कल्ले निकामी होऊन ते फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. अशा वेळी त्याला पाण्याबाहेर येण्याची वाट मिळाली नाही, तर जन्मभर पाण्यात वावरलेला हा जीव पाण्यातच बुडून मरतो. उभ्या, गुळगुळीत काठाच्या हौदात नेमके हेच होते. फरशी बसविण्याच्या सूचनेचा पुनर्विचार व्हावा, तो मुख्यतः याच कारणासाठी.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे, काठाची निदान एक बाजू उतरती ठेवावी. ते शक्य नसेल तर पाण्यातून वर येणारी खडबडीत दगडांची उतरण रचावी किंवा एक लाकडी फळी तिरपी सोडावी. दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाचे पाणी सर्वोत्तम. नळाचे पाणी घालावयाचे झाल्यास ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून क्लोरीन उडून गेल्यावर थोडे थोडे घालावे. तळे उपसून, घासून स्वच्छ करण्याचे काम पावसाळ्यात करू नये. ब्लीचिंग पावडर तर मुळीच टाकू नये. तळ्याचा काही भाग सावलीत असावा, काही उन्हात. उन्हाने शेवाळ वाढते, सावलीने पाणी तापत नाही.

तळ्यातल्या बेडूकमाशांना वेगळे खाद्य घालण्याची गरज नसते. पोळीचे तुकडे व भात टाकल्याने पाणी नासते आणि जीव गुदमरतात. निरीक्षणासाठी वर्गात पसरट भांड्यात चार-पाच बेडूकमासे ठेवावयाचे असतील, तर पाणी तळ्यातीलच घ्यावे. उकडलेल्या पालकाचा लहानसा तुकडा त्यांना पुरतो. उरलेला त्याच दिवशी काढावा. गर्दी झाली की त्यांची वाढ खुंटते. पाय फुटू लागताच भांड्यात दगड ठेवावा व पिल्ले त्याच तळ्याकाठी सोडावीत. एका तळ्यातील जीव दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत, कारण त्यांच्याबरोबर बेडकांच्या त्वचेला होणारा घातक बुरशीचा रोगही जाऊ शकतो.

पिल्ले बाहेर पडू लागली की काठचे गवत काही आठवडे कापू नये, पालापाचोळा राहू द्यावा आणि बागेत कीटकनाशक फवारू नये. बेडकाची त्वचा पातळ व ओलसर असते. पाण्यात मिसळलेले विष तिच्यातून सरळ शरीरात जाते.

डासांची शंका

तळ्यामुळे डास होतील, ही पालकांची चिंता रास्त आहे. त्यावर गप्पी मासे सोडण्याचा उपाय सुचविला जातो. पाण्याच्या टाक्यांत व बंदिस्त हौदांत तो योग्यच आहे. परंतु तळ्यात सोडलेले मासे डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी व नवजात पिल्लेही फस्त करतात, आणि रंगीत माशांचेही तेच. एकटे बेडूक डासांचा नायनाट करतात असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि जिवंत तळ्यात चतुरांच्या अळ्या व पाणकिडे असतात आणि ते डासांच्या अळ्या खातात. डेंग्यू पसरविणारा डास तर प्रामुख्याने पिंप, कूलर, टायर, कुंड्यांखालच्या बशा यांत साचलेल्या पाण्यात वाढतो. वसतिगृहात आठवड्याचा कोरडा दिवस काटेकोरपणे पाळला, तर डासांवरचा खरा इलाज होईल.

समजुती आणि इतिहास

भेकाला स्पर्श केला की चामखीळ उठते, हा समज निराधार आहे. चामखीळ विषाणूमुळे होते. पाऊस पडावा म्हणून बेडकांचे लग्न लावणारे लोक कारण आणि कार्य यांची अदलाबदल करतात. पाऊस पडतो म्हणून बेडूक ओरडतात. हा विवेक पुस्तकातून शिकविण्यापेक्षा तळ्याकाठी शिकविणे अधिक सोपे आहे.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक नोंद करणे मला आवश्यक वाटते. एके काळी आपल्या देशातून दरवर्षी हजारो टन बेडकांचे पाय परदेशी मेजवान्यांसाठी निर्यात होत. ते बेडूक शेतांतून व पाणथळींतून पकडले जात. शेतातील किडी खाणारा हा प्राणी नाहीसा होत असल्याची ओरड झाल्यावर १९८५ मध्ये इंडियन बुलफ्रॉगच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले आणि १९८७ मध्ये भारताने ही निर्यातच बंद केली. कायद्याने व्यापार थांबला, परंतु बुजविलेले डबके कायद्याने परत येत नाही. तेथे पाणी राखणारी माणसेच लागतात.

म्हणून विनंती एवढीच की सुशोभनाच्या आराखड्यात तळ्याचा उतरता काठ, भोवतीचे गवत आणि मासेविरहित पाणी यांना जागा असावी. खर्चही त्यात कमीच होईल. रंगीत मासे हवेच असतील, तर प्रवेशद्वारापाशी स्वतंत्र काचपेटी ठेवता येईल. पुढील जून महिन्यात पहिल्या पावसानंतर पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या सकाळी अवश्य यावे. पाण्यावरील तो काळ्या ठिपक्यांचा थर काय आहे, हे आपली सातवीची मुले त्यांना नीट समजावून सांगतील.