जाहिरात दिली म्हणून फोन आले का?

डोंबिवली पूर्वेला अकरावी-बारावी सायन्सचे क्लास चालवणारे एक सर आहेत, माझे जुने शिक्षक. गेल्या महिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना, मग आमची वेबसाइट गुगलवर वर कशी आणायची ते सांग." माझा विषय काही तो नाही. पण त्यांनी विचारलेले तीनही प्रश्न मला संशोधन पद्धतीच्या पेपरातले वाटले, म्हणून इथे लिहितेय.

पहिला प्रश्न: पैसे भरून जाहिरात दिली, तर साध्या निकालांमध्येही नंबर वर जातो का? नाही जात. त्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. जाहिरातीची जागा लिलावाने ठरते. प्रत्येक शोधाच्या वेळी तो नव्याने होतो आणि त्यात बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जाही धरतात. साधे निकाल कसे लागतात याचं मूळ मात्र तुमच्या ओळखीचं आहे. 1998 साली स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी पेजरँकची पद्धत मांडली. एखाद्या पानाकडे किती दुवे येतात आणि ते देणारी पानं स्वतः किती वजनाची, यावर त्या पानाचं महत्त्व ठरवायचं. म्हणजे आपली साइटेशनचीच कल्पना! यूजीन गारफिल्ड यांचा सायन्स साइटेशन इंडेक्स 1964 पासून निघत होता. आज दुव्यांशिवाय इतर असंख्य गोष्टी बघितल्या जातात. गंमत म्हणजे जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकेल, असा इशारा ब्रिन आणि पेज यांनी त्याच पेपरच्या परिशिष्टात दिला होता. दोन वर्षांनी गुगलने अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं.

(कोणी "पहिला नंबर गॅरंटीड" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असं गुगलच सांगतं. सरांनी एका एजन्सीला दिले होते. तिने पानात कीवर्डचा टॅग भरून दिला. गुगल तो टॅग क्रमवारीसाठी बघत नाही, हे 2009 मध्येच जाहीर झालंय.)

दुसरा प्रश्न: "माझ्या मोबाइलवर आमचा क्लास पहिला दिसतो, पालकांना का दिसत नाही?" कारण सर स्वतः क्लासमध्ये बसून बघतात. अशा स्थानिक शोधात अंतर धरलं जातं. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेला उभं राहून शोधलं की यादी बदलते. कल्याणहून किंवा ठाण्यातल्या नौपाड्यातून शोधलं की आणखी वेगळी. म्हणजे मोजणारा कुठे उभा आहे यावर माप बदलतंय. एका मोबाइलवरचं एक निरीक्षण हा डेटा नव्हे. सर्च कन्सोलमध्ये अनेक शोधांची सरासरी जागा दिसते, ती बघावी.

तिसऱ्या प्रश्नावर आम्ही तासभर बोललो. खरं तर तो प्रश्न नव्हता, विधान होतं: "मे महिन्यात जाहिरात सुरू केली आणि जूनमध्ये फोन वाढले. म्हणजे जाहिरात चालते." पण त्याच सुमाराला दहावीचा निकाल लागतो. फोन तसेही वाढलेच असते! जाहिरात दिली नसती तर किती आले असते, हा आकडा सरांकडे नाही. तो कोणाकडेच नसतो, तो प्रयोगातून काढावा लागतो.

ईबेने तो काढला. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांचा 2015 चा इकॉनोमेट्रिकामधला पेपर जरूर वाचा. 2012 मध्ये कंपनीने याहू आणि एमएसएनवर स्वतःच्या नावाच्या शोधावरची जाहिरात बंद केली. बुडालेल्या क्लिकपैकी 99.5 टक्के क्लिक खालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आले. ज्याने "ईबे" असंच टाइप केलं, तो तसाही येणारच होता ना! मग इतर शब्दांसाठी अमेरिकेतले काही भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून तिथे जाहिरात थांबवली. नेहमीच्या ग्राहकांवर जवळपास काही परिणाम नाही. नवख्यांवर मात्र झाला.

इथे घाई करू नका. मी केली होती. सरांना म्हटलं, बंद करा जाहिरात. पण ईबे सगळ्यांना माहीत होतं, सरांचा क्लास मानपाडा रोडपलीकडे फारसा कोणाला माहीत नाही. त्यांचे जवळपास सगळे ग्राहक नवखेच. त्याच पेपरवरून उलटा निष्कर्षही निघू शकतो.

मग असं ठरवलं: क्लासच्या नावाच्या शोधावरची जाहिरात सरळ बंद. "डोंबिवलीत बारावी क्लास" यासारख्या शोधांसाठी दर सोमवारी नाणं उडवायचं, छापा आला तर आठवडाभर चालू, काटा आला तर बंद. मोजायचे ते क्लिक नाहीत, आलेले सगळे फोन. अडचणी आहेतच: या आठवड्यात जाहिरात बघणारा पुढच्या आठवड्यात फोन करतो, आणि आठवड्याला दहा-बारा फोन म्हणजे नमुना फार लहान.

सरांची अडचण वेगळी होती. "बंद आठवड्यात दोन मुलं शेजारच्या क्लासला गेली तर त्यांची फी तू भरणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. जूनमध्ये प्रयोग करायला ते अजिबात तयार नाहीत. सप्टेंबर ते नोव्हेंबर चालेल म्हणाले. पण प्रवेशाच्या हंगामाबाहेरचा निकाल जूनला कितपत लागू होईल, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.