टेकडीवरचा अँटेना

मार्च १८५८ च्या अखेरीस झाशीस वेढा घालून बसलेल्या इंग्रज फौजेने जवळच्या एका टेकडीवर निशाणांचे संकेतस्थान उभारले होते. राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीसाठी तात्या टोपे यांचे सैन्य येत असल्याची वार्ता छावणीला त्या निशाणांनी कळवली. छावणीतून जे दिसत नव्हते ते टेकडीवरून दिसत होते, आणि टेकडीवरचे निशाण छावणीतून दिसत होते. दोन ठिकाणे एकमेकांच्या दृष्टिपथात नसतील, तर दोघांनाही दिसेल असे तिसरे ठिकाण निवडावे, ही युक्ती रेडिओच्या काळातही टिकून आहे. हौशी रेडिओचालकांचा रिपीटर म्हणजे असेच तिसरे ठिकाण होय.

हौशी रेडिओचालक हे सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवतात आणि आवडीखातर, मोबदल्याविना संदेशवहन करतात. एरवी हा छंदच. परंतु जानेवारी २००१ मध्ये भूज परिसरात भूकंप झाला आणि डिसेंबर २००४ मध्ये अंदमानला सुनामीचा तडाखा बसला, तेव्हा दूरध्वनी बंद पडलेल्या भागांतून निरोप पोहोचवण्याच्या कामी हे छांदिष्ट उपयोगी पडले. दूरच्या पल्ल्यासाठी लघुलहरी वापरतात. शहर आणि आसपासच्या गावांसाठी मात्र यूएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेचा पट्टा सोयीचा असतो. भारतात त्यासाठी ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झ हा भाग ठरवून दिलेला आहे. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात; टेकडी आड आली की संदेश अडतो. म्हणून झाशी, ओरछा, दतिया अशा गावांतील लोकांना पाच वॅटच्या हातसंचावरून परस्परांशी बोलायचे असेल, तर उंचावर रिपीटर हवा. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी ते बोलणे दुसऱ्या वारंवारतेवरून अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो.

‘त्याच क्षणी’ या शब्दांतच अँटेनाच्या निवडीचे मर्म आहे. घरच्या संचाचा अँटेना एका वेळी एकच काम करतो. रिपीटरचा अँटेना समजा २५ वॅट शक्ती बाहेर फेकत असतो आणि त्याच वेळी दूरवरच्या हातसंचाचा क्षीण संदेशही टिपत असतो. हा संदेश किती क्षीण असावा? एका वॅटचा अब्जावा भाग घ्यावा आणि त्याचे पुन्हा दहा लाख भाग करावेत. त्यांतील एका भागाहूनही तो कमी असू शकतो. दोन्ही संदेश वेगळे ठेवण्यासाठी ड्युप्लेक्सर नावाची गाळणी लावतात. पण अँटेनातच एखादा सांधा ढिला झाला, किंवा दोन धातूंच्या मध्ये गंज शिरला, तर तेथे प्रक्षेपणाच्या शक्तीने खरखर निर्माण होते आणि ती गाळणीला दाद देत नाही. घरी दहा वर्षे विनातक्रार चाललेला अँटेना रिपीटरवर चढवताच निकामी ठरतो, तो यामुळे.

बाजारात दोन प्रकार प्रामुख्याने आढळतात. पहिला म्हणजे काचतंतूंच्या नळीतील कोलिनिअर अँटेना: पांढरी, सडपातळ, उभी काठी. आत तांब्याचे अनेक तुकडे डाख देऊन एकापुढे एक जोडलेले असतात. किंमत माफक, बसवणेही सोपे. दुसरा म्हणजे फोल्डेड डायपोलची रांग. ४३५ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असल्यामुळे यातील प्रत्येक डायपोल ३३-३४ सेंटिमीटर लांबीची, जाड ॲल्युमिनियमची कडी असते, आणि अशा चार कड्या एका उभ्या नळीवर आडव्या दांड्यांनी पक्क्या बसवतात. हा प्रकार बोजड दिसतो आणि महागही पडतो.

झाशीच्या हवेत या दोहोंची कसोटी लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि जानेवारीतील रात्री पाच अंशांच्या आसपास उतरतो. चाळीस अंशांच्या या फरकाने तीन मीटर लांबीचे तांबे सुमारे दोन मिलिमीटर वाढते-आखडते; काचतंतूंची नळी तेवढी हलत नाही. दोन मिलिमीटर म्हणजे फार नव्हे, पण ही ओढाताण डाखाच्या सांध्यांवर वर्षानुवर्षे होत राहते. त्यात उन्हाळ्यातील आँधी, म्हणजे धुळीची वादळे, काठीला वाकवतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. उन्हाने नळीवरील राळ झिजली की तंतू उघडे पडतात, पाणी आत मुरते, आणि आतला सांधा तुटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही. डायपोलच्या कड्या उघड्यावरच असतात; त्यांत पाणी साठत नाही, दोष दुर्बिणीतूनही दिसतो, आणि कडी धातूने थेट मनोऱ्याला जोडलेली असल्याने तिच्यावरील स्थिर विद्युतभार जमिनीत निघून जातो. रिपीटरसाठी हाच प्रकार घ्यावा. सुरुवातीस वाचवलेले पैसे मनोऱ्यावर चढणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा द्यावे लागतात.

अँटेनाची वर्धनक्षमता जितकी अधिक तितका तो उत्तम, असा समज आहे. प्रत्यक्षात वर्धन वाढते ते शक्ती क्षितिजाच्या दिशेने दाबल्यामुळे. टेकडी गावाला लागूनच असेल, तर फार वर्धनाच्या अँटेनाचा चपटा झोत पायथ्याच्या वस्तीवरून निघून जातो.

केबलकडेही दुर्लक्ष करू नये. ३० मीटर उंचीपर्यंत साधी जाड आरजी-२१३ केबल नेली, तर २५ वॅटपैकी जेमतेम नऊ वॅट अँटेनापर्यंत पोहोचतात. अर्धा इंची हार्डलाइनमधून सुमारे अठरा. वरचे आवरण काळेच असावे, कारण त्यातील काजळी उन्हाला रोखते. जोडावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी गुंडाळावी आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. ॲल्युमिनियमला तांबे थेट भिडवू नये. माकडांचाही विचार करणे आवश्यक आहे. ती केबलला लोंबकळतात, म्हणून दर मीटरला पक्की पकड हवी.

सर्वांत कठीण काम विजेपासून रक्षणाचे. बुंदेलखंडात मातीच्या पातळ थराखाली ग्रॅनाइट लागतो आणि कोरडा खडक वीज सहजी वाहून नेत नाही. एकच सळई ठोकून भागत नाही. जेथे माती सापडेल तेथे अनेक सळया रोवून त्या जमिनीखालून तांब्याच्या पट्टीने एकमेकींना व मनोऱ्याला जोडाव्या लागतात.

पावसाळ्यापूर्वी दरवर्षी सर्व सांधे तपासावेत. हे काम मार्चमध्येच उरकावे. मे महिन्यातील दुपारी मनोऱ्याची पोलादी शिडी हाताने धरवत नाही.