अलिबाग-मुरूडच्या परसबागेत मोहरीची भाजी नेमकी कधी पेरायची?

थंडी पडली की फोनवर 'सरसों का साग'ची रील्स फिरायला लागतात. मग घरात कुणीतरी मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर मोहरी कुंडीत टाकतं. चार-पाच दिवसांत रोपं वर येतात. पण कित्येकदा पानं तळहाताएवढी होण्याआधीच पिवळी फुलं दिसतात आणि भाजी राहूनच जाते. अशा वेळी दोष बियाण्याला दिला जातो. खरी गडबड बहुतेकदा तारखेची असते.

थोडक्यात उत्तर काय?

रायगडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. तारीख लक्षात ठेवायची नसेल तर शेताकडे बघा. भात कापून झालं आणि वाल पेरले गेले की मोहरी पेरा. पोपटीचे बेत सुरू होतील तेव्हा तुमचा पाला तोडायला तयार असेल.

पंजाबचं वेळापत्रक इथे का चालत नाही?

पंजाबात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो आणि रात्री गार व्हायला लागतात. आपल्याकडे मुंबई परिसरातून मान्सून परतण्याची सरासरी तारीखच 8 ऑक्टोबर आहे. त्यानंतर येते ऑक्टोबर हीट. मोहरी थंडीतलं पीक आहे. ऊन तापलं आणि दिवस मोठा झाला की ती पानं वाढवणं सोडून फुलावर येते. मग पानं लहान, जाड आणि कडू होतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस साधारण 11 तासांचा असतो, जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. पालेभाजीसाठी डिसेंबरच सोयीचा.

पावसाळ्यात पेरली तर?

नको. सततच्या पावसात बारीक बी वाहून जातं आणि मुळाशी पाणी साचून रोपं कुजतात.

फेब्रुवारीत पेरली तर?

तोवर उकाडा वाढायला लागतो. शिवाय खाडी आणि खारेपाट भागातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे जास्त खारट होत जातं. कोवळ्या रोपांना ते मानवत नाही, टोकं करपतात. म्हणून शेवटची पेरणी जानेवारीच्या सुरुवातीलाच उरका.

पेरायची कशी?

नारळ-सुपारीच्या दाट सावलीत मोहरी नुसती उंच वाढते. रोज चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. कुंडी सहा ते आठ इंच खोल पुरते, पण खाली भोक हवं. माती आणि कुजलेलं शेणखत मिसळा, बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टाका आणि झारीने पाणी द्या. रोपं चार बोटांची झाली की विरळणी करा, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. उपटलेली रोपंही भाजीत चालतात.

25 ते 30 दिवसांत कोवळा पाला मिळतो. बाहेरची पानं तोडा, मधला कोंब ठेवा, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. सगळं बी एकदम न टाकता दर 15 दिवसांनी थोडं थोडं पेरलंत, तर फेब्रुवारीपर्यंत भाजी पुरते.

दोन गोष्टी सांभाळा

ढगाळ हवेत पानामागे मावा पडतो. दोन-चार पानांवर दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. वाढला तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा.

दुसरं, बियाण्याचं. डब्यातली मोहरी फार जुनी नसेल तर उगवते. दुकानातून शेतीचं बियाणं आणलंत आणि ते रंगीत दिसलं, तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असू शकतं. ते बी खायचं नाही, त्याचे मोड किंवा मायक्रोग्रीन्सही करायचे नाहीत.

आणखी शंका असेल तर रोह्याजवळ किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. रील बघून बी टाकण्याआधी तिथे विचारलेलं बरं, कारण थंडीचे हे मोजके आठवडे हुकले की पुढची संधी थेट वर्षभराने.